दंडावरच्या बांगड्या

ही गोष्ट घडली तेव्हा माझे यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. ते शाळामास्तर होते. त्यांनीच मला वाचायची सवय लावली आणि ते गेल्यावर तेवढीच माझ्यापाशी उरली. तीर्थपुरीच्या माहेरी कोपऱ्यात बसून मी तीच ती पुस्तकं पुन्हा वाचत असे. शेवटी भावाने, घरच्यांचं न ऐकता, मला जालन्याच्या दवाखान्यात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. निजामाचं राज्य होतं. विधवा मुलीने परक्यांची अंगं पुसायची, हे आमच्या भावकीला फार लागलं. मला काहीच लागत नव्हतं. परिचर्येचं जाडजूड पुस्तक मात्र मी पाठ करून टाकलं.

दुसऱ्या वर्षी आम्हा दोघी शिकाऊ मुलींना घनसावंगीजवळच्या लमाण तांड्यावर महारोगाच्या तपासणीला पाठवलं. माझी जोडीदारीण जालन्याचीच, ख्रिस्ती घरातली, बोलकी. तांड्याच्या टोकाला, ओढ्यापलीकडे एक रिकामी खोप होती. ज्याला हा रोग झाला त्याला तिथे राहायला घालत, हे आम्हाला तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, वाटेतच सांगितलं.

एका म्हातारीने आम्हाला पाणी दिलं. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. पाणी देता देता तिने माझ्या नवऱ्याची चौकशी केली. मी म्हणाले, "न्हाई राहिले."

मग तिने सुनेला पुढे बसवलं. सून विशीच्या आतली असावी, कडेवर तान्हं मूल. तिच्या कोपराच्या वर, दंड झाकणाऱ्या हाडाच्या बांगड्यांखालून एका फिकट चट्ट्याची कड दिसत होती. पुस्तकात लिहिलं होतं, तपासायचा भाग पूर्ण उघडा असावा. मी म्हणाले, "ह्या बांगड्या काढा."

भोवती जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुनेने हात ओढून घेतला. याडीने माझ्या मनगटांकडे पाहिलं.

"तुझ्या गेल्या म्हून हिच्याबी उतरवतीस का, बाई? माझा पोरगा जिता हाय."

त्या बांगड्या नवरा असेतो निघत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. पण ते कळायला पुस्तक कशाला हवं होतं? दोन बायका उठून चालायला लागल्या. जोडीदारीण घाईने म्हणाली, "याडी, हिला पुस्तकातलं सगळं येतं, माणसातलं न्हाई. मी रोज शिकवून राह्यले, पण डोकं जड हाय."

कुणीतरी हसलं. याडी हसली नाही. मी खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं, याडी. दुसऱ्या कुणाला न्हाई तरी मला कळायला पाहिजे होतं." आणि विचारलं, "काढायच्या न्हाईत. जराशा वर सरकवल्या तर?"

याडीने सुनेच्या दंडाकडे पाहिलं. "सरकवायला काय. अंग धुताना आम्हीबी सरकवतोच. पण तू हात लावू नको."

तिने स्वतःच सुनेचा दंड धरला आणि एकेक बांगडी बोटभर वर घेऊ लागली. मग मी सुनेचे डोळे तिच्याच ओढणीने झाकले. मी तिला सांगितलं, पीस लागलं की त्या जागी बोट ठेव. मनगटावर कोंबडीचं पीस टेकवलं, तिने बोट ठेवलं. कोपरावर ठेवलं. मग मी चट्ट्यावर पीस फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

ओढणीखालून सून म्हणाली, "आता कवा लावतीस?"

याडी पिसाकडेच पाहत होती. ती हळूच म्हणाली, "त्या खोपीत माझी थोरली जाऊ व्हती. मीच भाकर ठिवायची. लांबून."

मी सुनेची बोटं एकेक सरळ करून पाहिली. सगळी चांगली होती. बाकी अंगावर कुठे काही नव्हतं. मी सांगितलं, चट्ट्याला स्पर्श कळत नाही म्हणजे रोग तोच, पण एकच चट्टा आहे, नवा आहे. दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, घनसावंगीला येऊन एक सुई घ्यावी लागेल. ती दुखते, आणि बरेच महिने लागतील. पण असा चट्टा दुसऱ्याला लागत नाही. घरातून काढायचं कारण नाही.

"मूल?" याडीने विचारलं.

"तिच्यापाशीच राहू द्या."

"हे पुस्तकातलं सांगून राह्यली का खरं?"

"दोन्ही."

तिने बांगड्या पुन्हा खाली बसवल्या, नीट, होत्या तशा. मग मूल उचलून ती आत गेली. जालन्याला परतताना मला वाटत होतं, त्या मुलीची रवानगी ओढ्यापलीकडे झाली असणार, आणि ती माझ्या पिसामुळे. त्या आठवड्यात मी पुस्तक उघडलं नाही. यजमान गेल्यापासून प्रथमच मला दुसऱ्या कुणाची तरी काळजी लागून राहिली होती.

बाजाराच्या दिवशी आम्ही घनसावंगीला लिंबाखाली टेबल मांडलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग याडी दिसली. मूल तिच्या कडेवर होतं, मागे सून, आणि सुनेमागे तांड्यावरच्या आणखी चार बायका. सुई टोचताना सून ओठ चावून बसली. ते झाल्यावर याडीने मूल तिच्या मांडीत दिलं, चौघींतल्या पहिलीला माझ्यासमोर बसवलं आणि तिच्या दंडाला हात घातला.

"नायकाला मी सांगितलं, सून घरातच ऱ्हाईल," ती म्हणाली. "आता हिचं बघ. मी सरकवते."

मी पीस घेतलं.