सैल शर्ट

लशीचे दोन्ही डोस झाल्यावरच आमच्या शिंपीकाकांनी दुकान उघडलं, तेही शटर अर्धंच वर करून. तोवर घरात बसून त्यांनी नुसते मास्क शिवले, कारण मास्कसाठी कुणाच्या जवळ जावं लागत नाही. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे चष्मेवाले. काकांनी तोंड फिरवून त्यांच्या छातीचं माप घेतलं.

शिवून झालेला शर्ट चष्मेवाल्यांच्या अंगावर लोंबायला लागला. शर्ट बसला नाही तर दोष गिऱ्हाइकाच्या जेवणाला, हा काकांचा नेहमीचा खाक्या. "वाळलात की काय?" ते गुरगुरले.

चष्मेवाले ओशाळले. "तुम्ही जवळ आलात, तेव्हा मी छाती भरून श्वास रोखला होता."

"मीसुद्धा," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा टेप उचलली. "आता सोडा. माझ्या अंगावर आला तरी चालेल."