बाहेरची कडी

कुलूपकाका माझ्या दुकानात दाढीला आले की खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसतात. आरसा राहतो त्यांच्या पाठीमागे. न्हाव्याला ही शिक्षाच, पण तुरुंगात शिपाई म्हणून सारी नोकरी काढलेल्या माणसाला पाठीशी दार नको असतं.

मागच्या आठवड्यात दुकानात वाद पेटला. शिंपी म्हणाला, "आत टाकल्याशिवाय माणूस सुधारत नाही." मास्तर म्हणाले, "आत जाऊन तो आणखी बिघडतो." दोघांपैकी एकानेही तुरुंग आतून पाहिलेला नाही, पण आवाज टिपेला. शेवटी सगळे काकांकडे वळले.

"सुधारतो की नाही, मला नाही कळलं बुवा," काका फेसातून म्हणाले. "सवय मात्र लागते. माझ्या हातालाच बघा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

काकू गेल्यानंतर काकांची लेक त्यांच्याकडे राहायला आली होती. दुपारी ती आतल्या खोलीत आडवी झाली आणि काकांनी जाता जाता दाराला बाहेरून कडी घातली. मग खुशाल बाजारात गेले! पोरगी दार बडवून रडकुंडीला आली. संध्याकाळीच तिने बॅग भरली. "बाबा, मी तुमची कैदी नाही," एवढंच बोलली आणि पुढे वर्षभर फिरकली नाही. काका अजूनही रोज घराच्या खिडकीचे गज काठीने ठोकून बघतात, कुठे कापलेले नाहीत ना म्हणून. आता कोण पळून जाणार आहे, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

परवा लेकीचा फोन आला, येते म्हणून. काकांनी मला पेचकस घेऊन बोलावलं. आम्ही आतल्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी उखडली.

काल ती आली. काकांनी मलाही जेवायला बोलावलं होतं. जेवली. "पडते जरा," म्हणत आत गेली, दार लोटून घेतलं. काका उठले. त्यांचा हात चौकटीवर गेला आणि स्क्रूच्या भोकांवरून फिरत राहिला.

"बाळ," ते म्हणाले, "आतून कडी लावून घे."

"कशाला, बाबा?"

"लाव. मला बरं वाटेल."

आत कडी सरकली. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्ची ओढली, बंद दाराकडे तोंड करून बसले आणि लेक आतून कडी कधी काढते याची वाट बघू लागले.