कोठीच्या भिंतीवरच्या टिकल्या

तानाबाईनं पहिली गोष्ट काय केली, तर चपला काढल्या. डोळ्यांवर तो काळा डबा चढला, समोर नवं स्वयंपाकघर उभं राहिलं, आणि ही बाई एप्रिलच्या तापल्या फरशीवर अनवाणी!

"मावशी, चपला राहू द्या, पाय भाजतील," समीक्षा म्हणाली.

"अवो, रांधाच्या जागी चपला घालून जाऊ काय मी?"

समीक्षा यवतमाळच्या एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसातली. पांढरकवड्याजवळच्या या मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत तिच्या हातात होती. उन्हाळ्यात पंखे कमी लागावेत, जुन्याच विटा नि सागवानी चौकटी पुन्हा वापराव्यात, छपराचं पाणी टाकीत साठावं, असं सगळं तिनं कॉम्प्युटरात आधीच बांधून ठेवलं होतं. कागदावरचा नकाशा भल्याभल्यांना कळत नाही, म्हणून हा डबा. तो लावला की अजून न बांधलेल्या घरात हिंडून येता येतं. आणि स्वयंपाकघर पारखायला तानाबाईहून जाणतं कोण? बावीस वर्षं दीडशे पोरींचा भात तिच्या हातचा.

बावीस वर्षांमागं तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई केली आणि तो आदिलाबादकडं निघून गेला. माहेरी गेली, तर भावजयीनं दारातच पाणी दिलं आणि परतीची गाडी कधीची आहे ते विचारलं. तेव्हा मुख्याध्यापक भगवानरावांनी धान्याच्या कोठीतला एक कोपरा तिला दिला. नियमात ते बसत नव्हतं. मुली आणि अधीक्षिका यांच्याशिवाय वसतिगृहात कोणी राहायचं नाही, असं संस्थेनं लिहूनच ठेवलेलं. सरांनी डोळेझाक केली, तिनं तोंडाला कुलूप लावलं आणि कोठीचं दार कायम आतून लावून घेतलं. एक पेटी, एक वाकळ, शेजाराला तुरीच्या डाळीची पोती. पोरी असल्या की दिवस कसा जाई ते कळत नसे. सुट्टी लागली की दीडशे ताटं पालथी आणि एकटी तानाबाई. मे महिन्यात ती स्वतःशीच मोठ्यानं बोलायची, आपला आवाज आपल्याला ओळखू यावा म्हणून.

यंदाही परीक्षा संपून पोरी कालच गावी गेल्या होत्या. ओसरीवर समीक्षा, खुर्चीत भगवानराव आणि डबा लावलेली तानाबाई, इतकीच माणसं.

"पोरी, ह्या चुलीचं तोंड फिरव," हवेत बोट रोखून तानाबाई म्हणाली. "वैशाखात वारा इकडून येते. सारं धुपट पोरीयच्या ताटात जाईन."

समीक्षानं लॅपटॉपवर वैशाखातली दुपार लावली, वारा सोडला. निळ्या रेघा चुलीवरून थेट जेवणाच्या खोलीत शिरल्या.

"खरंच की! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"म्हटलं नव्हतं तुमाले?" भगवानराव खुशीत म्हणाले.

तानाबाई पुढं सरकली. डावीकडं वळली आणि थांबली. हात पुढं करून तिनं हवा ढकलली. पुन्हा एकदा ढकलली.

"ती दुहेरी भिंत आहे मावशी, पश्चिमेचं ऊन अडवायला. कोठी आता तिकडं नाही. धान्य पुढच्या खोलीत ठेवायचं."

"चांगलं केलं," तानाबाई म्हणाली. भगवानराव खाली बघत राहिले.

"आणखी काय हवं? मोकळेपणानं सांगा."

"मले काय पाह्यजे? पोरीयले गार वाटलं म्हणजे झालं."

चुलीसाठी भांडणारी बाई, पण स्वतःसाठी शब्द फुटेल तर शपथ! कोठी गेली तर डोकं टेकायला तिला दुसरी जागा नव्हती. पण बोलावं तर सरांच्या नावाला बट्टा, आणि त्यांच्या निवृत्तीला अवघे तीन महिने राहिलेले. शिवाय चूक तरी कोणाची? जानेवारीत जुन्या इमारतीचा कानाकोपरा टिपणारा कॅमेरा आला होता. पाहुणे येणार म्हटल्यावर हिनं पेटी लाकडांच्या शेडात नेली, वाकळ पोत्यांमागं कोंबली, कोठी झाडून सारवून लख्ख केली. इतकी लख्ख, की तिथं कोणी राहतं असं कॅमेऱ्याला काय, देवालाही वाटलं नसतं! स्वतःच्या हातानं तिनं स्वतःला झाडून बाहेर काढलं होतं.

तिनं डबा काढून दिला. समीक्षाच्या मनातून मात्र ते ढकलणं जाईना. तिनं कॅमेऱ्यानं टिपलेली जुनी कोठी उघडली, डबा स्वतः लावला, चार पावलं चालली आणि एकदम उकिडवी बसली.

"इथं खाली, जमिनीपासून वीतभर, भिंतीवर लाल ठिपके आहेत. मी कॅमेऱ्याचा दोष समजले होते, पुसणारच होते." ती आणखी वाकली. "मावशी, ह्या टिकल्या आहेत?"

"पोरीयनं लावल्या असतीन."

समीक्षानं डबा काढला. इतक्या खाली टिकली लावतो तो माणूस जमिनीवर निजलेला असतो, हे कळायला शाळा लागत नाही. तिनं तानाबाईच्या कपाळाकडं पाहिलं. तसलीच लाल टिकली.

भगवानराव उठले. "तानाबाई, बस झालं. माह्यापायी खोटं कायले बोलता? मॅडम, मीच ठेवलं यायले तिथं. लिहून घ्या, माह्या नावानं लिहा."

"माह्याच हायेत," तानाबाई म्हणाली. "निजताना काढाची, सकाळी लावाची. एखादी राहून जाते तिथंच."

लॅपटॉप मांडीवर घेऊन समीक्षानं ती दुहेरी भिंत सरकवली, आठ बाय दहाची खोली काढली, वर झरोका आणि भिंतीला दार.

"मावशी, खोटी आशा लावत नाही. संस्था हो म्हणेलच असं नाही. सोमवारी मीटिंग आहे."

"पाहून तर घेऊ दे," म्हणत तानाबाईनं पुन्हा डबा चढवला.

या खेपेला ढकलल्यावर दार उघडलं. तानाबाई आत गेली. आत काही नव्हतं, पोती नाहीत, पेटी नाही, चार भिंती फक्त. पण दार तिचं होतं. ती हळूच खाली बसली, कोपरावर कलली, जमिनीपासून वीतभर वर हवेतच भिंत चाचपली आणि सवयीनं तिचा हात कपाळाकडं गेला. बोटं डब्याच्या टणक प्लास्टिकवर आपटली.

"अगं माय," म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तिला उठवायलाही कोणाला सुचलं नाही.

मग तिनं डबा उतरवला, तेव्हा कपाळ मोकळं होतं. टिकली आतल्या मऊ पट्टीला चिकटून राहिली होती.

"थांबा, काढून देते," समीक्षा म्हणाली.

"राहू दे. सोमवारी थेच दाखवजो त्यायले."

समीक्षानं डबा तसाच पिशवीत ठेवला. गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली, भगवानरावही घरी गेले. तानाबाईनं मोकळ्या कपाळावरून हात फिरवला, कोठीत गेली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दार उघडं ठेवून आडवी झाली.