बेण्याचा लेप

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की माझ्या भाच्याच्या गालांवरचे खड्डे बुजविण्याचे काम मी स्वतः अंगावर घेतले होते.

भाचा फौजेत. तारुण्यपिटिका कधीच गेल्या, पण जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या. सुट्टीत कवठे महांकाळची मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, मोबाईलवर गाल गुळगुळीत केलेला फोटो तिकडे पाठवला. आता रविवारी खरा चेहरा बघून मुलगी नाही म्हणाली तर? सोमवारी तर त्याची सुट्टी संपणार!

शनिवारी मी साताऱ्याहून सांगलीजवळच्या त्यांच्या गावी पोचलो, तर ताई रडकुंडीला आलेली.

"हळदीच्या मुलखात राहून रडतेस?" मी छाती काढून म्हणालो. शेडमध्ये ओल्या हळदीचा ढीग पसरला होता. त्यातले चांगले टपोरे गड्डे उचलले, सायीत वाटले आणि पोराच्या तोंडाला थापले.

"मामा, वास कसला येतोय?"

"अस्सल हळदीला असाच वास असतो. फौजी असून घाबरतोस व्हय रं?" हे कोण म्हणतंय, तर ज्याने जन्मात हळद फक्त मिसळणाच्या डब्यात पाहिलीय तो.

दहा मिनिटांत पोरगं "आग, आग" करत अंगणात नाचायला लागलं. तेवढ्यात दाजी शेतातून आले. त्याचं पिवळं तोंड बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि माझ्यावर ओरडले, "आवं पाव्हणं, लागणीचं बेणं हाय ते! किडीच्या औषधात बुडवून सकाळीच सुकत घातलंय!"

पोराला नळाखाली धरलं, भरपूर पाणी ओतलं आणि तसंच सांगलीला डॉक्टरांकडे पळवलं. डोळे वाचले, हेच नशीब. डॉक्टरांनी मलम दिलं, मला झाडलं आणि वर सांगितलं, की असले खड्डे कुठल्याच लेपाने बुजत नसतात.

रविवारी आम्ही गेलोच. गाल टम्म सुजलेले, लालभडक. केसांच्या मुळाशी अजून हळद. तिचे काका एकदा मोबाईलमधला फोटो बघत, एकदा आमचा नवरदेव. मुलगी पोहे घेऊन आली आणि दारातच थबकली. ताईला राहवलं नाही. फोटो, खड्डे, लेप, सगळं तिने रडत रडत कबूल केलं.

मुलीने ताट दाणकन खाली ठेवलं आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणाली, "आवं, खड्डं मी त्यांच्या मित्रानं मोबाईलवर टाकलेल्या फोटोत कवाच बघितल्यात, ते बघूनच तुमास्नी बोलावलं! पण ह्या मामांना लग्नात हळदीच्या जवळबी फिरकू देऊ नगा!"