नार्वेची लाइन

अनंत गेल्याचं कळलं तेव्हा मी मोरजीला एका हॉटेलमागं खड्ड्यात वाकून तुटलेली केबल शोधत होतो. ऑफिसातून फोन आला, झोपेतच गेला म्हणाले. मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. हॉटेलवाला विचारत होता, नेट कधी येणार... त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

पेडणे-डिचोलीत आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं फायबर टाकलं. आखणी त्याची, खोदाई माझी. पावसाळ्याआधी टाकलेली लाइन दिवाळीला अपुरी पडायची. लग्नं थेट दाखवायची, दुकानांतले कॅमेरे, पोरांचे वर्ग... लोकांची भूक काही भागत नसे. कंटाळा यायचा हो, खोटं कशाला सांगू. पण कुठल्याही गावच्या वेशीवर अनंत नारळाशिवाय कुदळ लावू देत नसे. गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं स्वतः घालायचा, "बा म्हाराजा, ही वायर तुझ्या वाटेन जाता, तिका सांभाळ." आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचो. उशीर होतो म्हणून साहेब करवादायचे, हा ढिम्म.

त्याचं स्वतःचं गाव नार्वे. ते मात्र कायम शेवटी. "आधी घरची लाइन ओढली म्हणतील रे," म्हणायचा. तिथं म्हातारी आई एकटी. लाइन आली की घरूनच काम करायचं, आईजवळ राहायचं, हे त्याचं ठरलेलं. खिडकीशी टेबल-खुर्चीही मांडून ठेवली होती. पण दरवेळी दुसरीकडचं निकडीचं निघे आणि नार्वे मागं पडे. मला त्या सगळ्याचा राग येतो, त्याच्या भिडस्तपणाचासुद्धा.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी नार्वेची पाळी आली. वेशीवर नारळ घेऊन आम्ही उभे. गाऱ्हाणं कोण घालणार? त्याची आई पुढं झाली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही, पण कोणी अडवलं नाही.

"बा म्हाराजा, माझो झील अनंत घरान ऱ्हावन काम करतलो म्हणून ही वायर येवची होती. आता येता. तिका सांभाळ."

बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी कुदळ लावली.

खोदाई संपल्यावर घरात जोडणी केली. पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

"बरी चलता मां?" आईनं विचारलं.

"बरी चलता, आई."

तिनं पदरानं टेबल पुसलं, खुर्ची जरा पुढं ओढली आणि माझ्याकडे पाहत राहिली... टेबलावर जोडायला काहीच नव्हतं.