पाटलीपुत्र, मुक्काम डिंडोली

मौर्य घराणं संपलं त्या दिवशी मगधसरांनी आम्हाला सुतक पाळायला लावलं. सेनापती पुष्यमित्रानं भर लष्करासमोर बृहद्रथांना मारलं, एवढं सांगून त्यांनी फळा पुसला आणि खडू खिशात टाकला. "आज पुढं काही नाही. सव्वाशेच्या वर वर्षं नांदलेलं घर गेलंय. लगेच शुंगांकडं जेवायला जायचं नाही." मी घरी जाऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, मौर्य वारले. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "कोन वं माय? मागली गल्लीमाधला?"

नव्वदच्या दशकात सुरतेच्या डिंडोलीत आमचे मराठी वर्ग एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर भरत. वर गुजराती वर्ग. सर धुळ्याकडचे. धडा कुठलाही असो, गाडी फिरून मगधावर यायचीच, म्हणून ते मगधसर. राजांचा उल्लेख ते एकेरीत करत नसत. अपवाद एकट्या अजातशत्रूचा. "बापाला कोंडणाऱ्याला मी अहो-जाहो करणार नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच चढायचा. आम्ही हसायचो, पण बिंबिसाराची तुरुंगातली उपासमार ऐकताना डबे उघडायची आमची छाती व्हायची नाही.

एकदा त्यांनी सांगितलं की हर्षवर्धन वारस न ठेवता गेले आणि राज्य विस्कटलं. सुमन नावाची मुलगी उभी राहिली. तिचे वडील मागाच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते. "सर, पुढचा कारागीर आल्याबिगर त्यांनी माग सोडला कसा?" खात्यातला रिवाज आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस येऊन मागाला हात लावेपर्यंत आधीच्यानं जागेवरून हलायचं नाही. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "हर्षांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, पोरी." त्यानंतर प्रत्येक घराण्याच्या शेवटी ते विचारू लागले, सांगा, मागाला हात कुणी लावला?

चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये गावी पळालेली काही कुटुंबं परत आलीच नाहीत. उरलेले लोक मुलांना गुजराती शाळेत घालू लागले. शिक्षण समितीचे साहेब येऊन सांगून गेले की पट विसाच्या खाली गेला तर आमचा सातवीचा वर्ग मोडणार, आणि सरांची बदली होणार. दिवाळीपर्यंत आम्ही बरोबर वीस जण उरलो होतो. विसांतली एक मी.

दिवाळीच्या आधी माझे आप्पा शाळेत आले. पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून थेट आले होते, बोटं निळी होती. मान खाली घालून म्हणाले, "सर, पोरले गुजराती शाळामा टाकस. आठे ऱ्हानं शे ते आठली भाषा येवाले पाहिजे." इथं राहायचं तर इथली भाषा यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मी दाराशी उभी होते. आपल्यामुळे काय होणार हे मला कळत होतं, आणि सरांनी आप्पांना अडवावं असं मनापासून वाटत होतं. सर एवढंच म्हणाले, "बरोबर आहे भाऊ तुमचं. पण तीन आठवडे द्या. पुढच्या माणसाचा हात लागेपर्यंत मी सोडत नाही."

ते तीन आठवडे शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून सरांनी मला सगळा मगध गुजरातीत शिकवला. स्वतःचे उच्चार चुकतील म्हणून आधी वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंकडून प्रत्येक वाक्य ऐकून येत. "मौर्य वंशनी स्थापना चंद्रगुप्त मौर्ये करी हती," असं ते पुन्हा पुन्हा घोकून घेत. मी अडखळले की स्वतःच हसत. म्हणत, "पाटलीपुत्र तेच आहे गं. रस्ता तेवढा दुसऱ्या बाजूनं." आपला वर्ग मोडणाऱ्या मुलीला ते हे शिकवत होते. त्यांना राग का येत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी मला उभं केलं आणि मौर्यांबद्दल विचारलं. मराठी पोरगी काय बोलणार म्हणून पोरी आधीच खुसखुसत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "तने आ कोणे शीखव्युं?" सरांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं तर मी पुन्हा खालच्या मजल्यावरची मराठी पोरगी झाले असते.

"चोपडीमांथी," मी म्हणाले. पुस्तकातून.

त्याच शनिवारी सातवीचा वर्ग मोडला. सरांची बदली तापीपलीकडच्या एका शाळेत झाली. तिथं मराठी वर्ग नव्हता, त्यांना कागदपत्रांच्या कामाला बसवलं होतं. बसनं पाऊण तासाचा रस्ता होता. बाईंना मी काय उत्तर दिलं, हे सरांनी विचारलं असतं तर काय सांगायचं ते सुचेना, म्हणून मी कधीच गेले नाही.