सावलीपुरता उजेड

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले गोपाळकृष्ण म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेले गृहस्थ. रागाने म्हणत नाही, धंदाच तसा होता. सदाशिव पेठेतल्याच एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून लग्नपत्रिका हातात दिली की मुहूर्ताआधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात. 'गोपाळराव' अशी हाक मारली तर "कृष्ण राहिला" एवढंच बोलून पुढे चालू लागतात.

जेवतानाही रोज एक चूक काढणार. आमटीत गूळ जरा पुढे गेलाय. पोळी आज एका बाजूला जाड आहे. त्यांच्या पत्नी, आमच्या आनंदीवहिनी, लग्न झाल्यापासून हे ऐकत आल्या आणि दर वेळी एकच उत्तर देत आल्या, "बरं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." मी शेजारीण, दाराला दार लागून राहणारी आणि न बोलावता जाणारी. कितीदा म्हटलं, "वहिनी, एकदा पुढ्यातलं ताट उचलून घ्या त्यांच्या." त्या नुसत्या हसायच्या.

मागच्या हिवाळ्यात वहिनींच्या डोळ्यांचं कळलं. पडद्याचा मधला भाग झिजला होता. जिथे बघावं नेमकं तिथेच धुरकट दिसायचं, कडेचं तेवढं दिसायचं. बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायला लागल्या तेव्हा मला वाटलं, माझ्या कुड्या आवडल्या असाव्यात. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती सांभाळा आणि स्वयंपाकघरात उजेड वाढवा.

त्यांचं स्वयंपाकघर मुळात अंधारं. शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि ओट्यावरच्या खिडकीतून आभाळाऐवजी तिचे सांडपाण्याचे पाइप दिसायला लागले. पाठीमागच्या भिंतीवर एक जुनी ट्यूब. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली परातीत पडायची.

उन्हाळ्यात वहिनींचा हात तापल्या तव्यावर पडला. मुलगा केदार कोथरूडहून धावत आला. हाताला बांधलेली पट्टी बघून म्हणाला, "आई, आता बास. डबा लावू आपण. गौरींचं जेवणही बाहेरून मागवू. हल्ली सगळेच मागवतात."

वहिनींनी पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. मग म्हणाल्या, "या वर्षीच्या गौरी मला करू दे. नाही जमलं तर मीच सांगेन, लाव डबा म्हणून. हट्ट करणार नाही."

ऐकून मला धास्ती वाटली. कारण त्यांच्या घरी गौरींचा स्वयंपाक चाखून बघायची सोय नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही. मीठ किती, पुरण शिजलं की नाही, सगळं नजरेनं ठरवायचं. आणि इथे नजरच रुसलेली.

केदार गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "कुसुम, हे हल्ली चुका काढत नाहीत गं. काल पोळी करपली होती, मला वासावरून कळलं. हे म्हणाले, छान झालीय. म्हणजे बघ, माझं किती बिघडलंय ते." मला रडू आलं, म्हणून मी उठून पाणी प्यायले.

इकडे गोपाळकृष्ण उजेडाच्या कामाला लागले होते. एक मुदत ठेव नुकतीच पुरी झाली होती. तिच्यातून नवा फ्रिज घ्यायचं ठरत होतं, ते त्यांनी रद्द केलं. "जुना खडखडतोय म्हणजे जिवंत आहे," म्हणाले. केदार पैसे देत होता. त्याला उत्तर मिळालं, "दिवे आमच्या ओट्यावर लागणार आहेत. तुझ्या घरचे तू लाव." केदारच्या ओळखीतल्या एका सजावटकाराने खर्चाचा अंदाज पाठवला. त्यात फॉल्स सीलिंग, रंग बदलणारे दिवे, मोबाइलवरून चालू-बंद, काय नि काय. गोपाळकृष्णांनी तो कागद लाल शाईने तपासून परत पाठवला. वर मला म्हणाले, "दराबद्दल माझी तक्रार नाही. पण 'स्वयंपाकघर' तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिणाऱ्याच्या हाती मी आमचं स्वयंपाकघर देणार नाही."

मग ते स्वतः विजेच्या सामानाच्या दुकानांसाठी तापकीर गल्लीत फेऱ्या घालायला लागले. दिव्यांना इतके, वायरीला इतके, वायरमन हुसेनभाईंच्या मजुरीला इतके, असं अंदाजपत्रक बांधलं. शेवटी 'अकल्पित' नावाचं एक सदर. हे सदर त्यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकात असतं, आणि त्यातला पैसा आजवर कधी खर्च झाला नाही याचा त्यांना भारी अभिमान.

हुसेनभाईंनी छताला सहा पांढरेशुभ्र दिवे बसवले. बटण दाबल्यावर मी डोळेच मिटले. गोपाळकृष्ण मात्र पंचांग घेऊन उभे. ते त्यांनी गॅसशेजारी धरलं, बेसिनपाशी धरलं, मिक्सरच्या मागच्या कोपऱ्यात वाकून धरलं आणि प्रत्येक ठिकाणी बारीक टाइप वाचून दाखवला. "बघा कुसुमताई, तळटीपसुद्धा लागते!" काय आनंद झाला होता त्यांना! सबंध आयुष्यात उजेडाची त्यांना एकच परीक्षा ठाऊक होती. अक्षर लागलं की उजेड पुरला. ओट्यावर कोणी पुस्तक वाचत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

वहिनी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. कणकेच्या डब्याकडे हात नेला तो त्याच्या बाजूला पडला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला. मग हात पदराला पुसून म्हणाल्या, "छान झालंय हो."

आता माझं डोकं फिरलं. हे करपलेल्या पोळीला छान म्हणणार, त्या ह्यांच्या दिव्यांना छान म्हणणार! असा संसार बघवतो का? मी म्हटलं, "कसलं छान? भाऊ, त्यांना काहीही दिसत नाहीये!"

गोपाळकृष्णांनी पंचांग मिटलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "आनंदी, खरं सांग."

"सगळं पांढरंच पांढरं दिसतंय. पोळपाट कुठे संपतो तेच कळत नाही."

मग वहिनीच म्हणाल्या, "ते दिवे घालवा बघू. आणि लाइट गेल्यावर काढता ती बॅटरी आणा."

खोलीत पुन्हा तो जुना भरदुपारचा अंधार आला. वहिनींनी चाचपून पोळपाट घेतला, कणकेची लाटी घेतली आणि लाटायला लागल्या. "धरा बॅटरी. वरून नको. खाली घ्या. अजून खाली. आता ओट्याच्या बरोबरीनं, डावीकडून." गोपाळकृष्ण गुडघे टेकून बसले आणि बॅटरी ओट्याला टेकवून धरली.

उजेड ओट्यावरून आडवा सरपटत गेला आणि मी बघतच राहिले. ओट्यावरच्या प्रत्येक वस्तूला सावली फुटली. वाटीला, उलथन्याला, सांडलेल्या मोहरीच्या दाण्यालासुद्धा. पोळीच्या काठाला दोऱ्याएवढी बारीक सावली होती, आणि लाटणं फिरेल तशी ती सरकत होती. वहिनी पोळीकडे बघतच नव्हत्या. मान वळवून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दोरा पकडत होत्या. पोळी गोल झाली, काठाला पातळ झाली, कुठेही फाटली नाही.

"मला काय हवं ते मलाच आत्ता कळलं," त्या म्हणाल्या. "वस्तू दिसत नाही मला. तिची सावली दिसते. ते वरचे दिवे सगळ्या सावल्या खाऊन टाकतात."

साठ वर्षं मी स्वयंपाकघरात वावरतेय, पण सावली म्हणजे घालवायची गोष्ट, याच्या पलीकडे माझी अक्कल कधी गेली नव्हती. गोपाळकृष्ण तसेच गुडघ्यांवर बसून होते, बॅटरीचा हात जराही न हलवता.

दुसऱ्याच दिवशी हुसेनभाईंनी ओट्याच्या डाव्या टोकाला, भिंतीत अगदी ओट्यालगत, पिवळ्या दिव्यांची एक छोटी पट्टी बसवली. तिचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून वरून लाकडी फळी ठोकली. खर्च 'अकल्पित'मधून झाला. छतातले दिवे दुकानदाराने परत घेतले नाहीत, तेव्हा त्यातले दोन माझ्या माथी मारण्यात आले. माझं स्वयंपाकघर हल्ली ऑपरेशन थिएटर दिसतं आणि झुरळांना लपायला जागा उरलेली नाही.

गौरी जेवायच्या त्या दिवशी सोवळं नेसून वहिनी ओट्याशी उभ्या राहिल्या. मी दारातच थांबले. लुडबुड केली असती तर त्यांनी मला हाकललं असतं. पुरण घोटताना त्या कान देऊन ऐकत होत्या. भांड्याच्या तळाचा आवाज जड झाला तसं उलथनं उभं करून सोडलं, ते तसंच उभं राहिलं. कटाच्या आमटीला मीठ घालायची वेळ आली. वहिनींनी तळहातावर मीठ घेतलं, हात खाली पट्टीच्या उजेडात नेला आणि मान वळवून त्या इवल्याशा ढिगाची सावली बघितली. चिमूटभर परत बरणीत टाकलं, पुन्हा सावली बघितली, आणि मग हात आमटीवर उलटा केला. मी देव्हाऱ्यापुढे हात जोडते, पण त्या दिवशी मनातल्या मनात ओट्यापुढे जोडले.

नैवेद्य झाला, पानं मांडली. केदार पहिल्या घासालाच म्हणाला, "आई, अप्रतिम!" मीही दोन विशेषणं वापरली. वहिनींनी आमच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या मान किंचित तिरपी करून उभ्या होत्या, म्हणजे नवऱ्याकडे बघत होत्या.

गोपाळकृष्णांनी आमटी भुरकली. वाटी खाली ठेवली. पुन्हा उचलून भुरकली.

"कटाला मीठ किंचित कमी आहे," ते म्हणाले.

"बाबा!" केदार जवळजवळ ओरडला. मलाही त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. तरी मी चमचाभर आमटी चाखली. कमीच होतं.

वहिनींचा चेहरा असा फुलला की हिवाळ्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "पानात मीठ वाढलंय, घ्या लावून," त्या म्हणाल्या. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." आणि भिंतीला हात न लावता त्या पुढची पोळी आणायला आत गेल्या.